गाटूनच्या तळ्यापर्यंत

अर्धवट राहिलेली कुठलीही गोष्ट मला सहन होत नाही. अर्धवट शिजलेला भात, अर्धवट विणून ठेवलेला स्वेटर, गप्पा रंगात आल्या असताना मध्येच उठून जाणारा पाहुणा, या सगळ्यांचा मला सारखाच राग येतो. डेट्रॉइटजवळच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं. इथल्या शाळांत पार्शल क्रेडिट नावाचा एक प्रकार आहे. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बऱ्यापैकी जमल्या असतील तर मुलाला थोडे मार्क द्यायचे. मुख्याध्यापिकेने मला बोलावून हे अनेकदा समजावलं. मी मान डोलवायची आणि वर्गात येऊन माझंच चालू ठेवायची. उत्तर बरोबर असेल तर मार्क, नसेल तर नाही. मुलं तेव्हा चिडायची, पण पुढे कॉलेजात गेल्यावर त्यांतलीच काही मला आठवणीने कार्ड पाठवायची.

त्यामुळे एजंटने फोनवर “काकू, पनामा कॅनालचं फुल ट्रान्झिट करायचं की पार्शल?” असं विचारलं, तेव्हा खरं तर प्रश्न तिथेच संपायला हवा होता. पण तो पोरगा चिवट. मूळचा मुंबईचा, न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतो आणि अर्ध्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या सहली ठरवून देतो. त्याने मला सविस्तर समजावलं. फुल म्हणजे फ्लोरिडातून निघायचं, कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायचा, पॅसिफिकमध्ये शिरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर जात थेट सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं. पार्शल म्हणजे त्याच फ्लोरिडातून निघायचं, कालव्याच्या पहिल्या पायऱ्या, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणारे लॉक, चढून वरच्या गाटून तळ्यात पोचायचं, तिथे जहाज वळणार, आणि आल्या दाराने खाली उतरून पुन्हा फ्लोरिडा.

“म्हणजे अर्ध्यातून परत?” मी विचारलं.

“तसं नाही हो काकू. पार्शल इज व्हेरी पॉप्युलर विथ सीनियर्स.”

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. “फुल,” मी म्हणाले. “दोघांचं.”

दोघं म्हणजे मी आणि आमचे हे. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याला हे म्हणतात, मीही म्हणते. हे मेकॅनिकल इंजिनियर. डेट्रॉइटजवळ नोव्हायमध्ये आम्ही स्थायिक झालो तेच यांच्या नोकरीमुळे. गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये एक भाग असतो, त्यातल्या बारीक बोळांतून तेल इकडून तिकडे पळतं आणि कुठला गिअर पडायचा ते ठरतं. यांचं सगळं आयुष्य त्या बोळांत गेलं. आणि ज्या माणसाने जन्मभर तेल पळवलं, त्याचा जीव मात्र पनामाच्या पाण्यात अडकलेला होता.

आमची मुलगी लहान होती तेव्हा यांनी दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन कापून त्यांच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. त्या रबरी नळीने जोडल्या आणि बाथटबच्या कडेला मांडल्या. साबणाची डबी हे जहाज. वरच्या कॅनमधलं पाणी नळीने खालच्या कॅनमध्ये सोडलं की डबी तरंगत वर यायची, मग पुठ्ठ्याचं दार काढून ती पुढच्या कॅनमध्ये सरकवायची. मुलगी टबात बसून टाळ्या वाजवायची. हे गुडघ्यांवर बसून, शर्टाच्या बाह्या ओल्या करून, तिला सांगायचे, “बघ, पंप नाही, मोटर नाही. वरचं पाणी नुसतं खाली येतं आणि बोट वर जाते. माझ्या तेलाला पंप लागतो. त्यांना तळं पुरतं.” आंघोळीचं पाणी गार होऊन जायचं तरी यांचा कालवा संपायचा नाही. एकदा जायचंच, असं तेव्हापासून म्हणत होते. मग घर, मुलीचं कॉलेज, दोन्हीकडच्या आईवडिलांची आजारपणं, आणि जायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी यांच्या विसरण्याला नाव मिळालं. त्याआधीच माझ्या लक्षात आलं होतं. रिसायकलिंगचा डबा कुठल्या आठवड्यात रस्त्यावर ठेवायचा हे आमच्या गल्लीत सगळे यांना विचारत, आणि आता हेच दर आठवड्याला मला विचारू लागले होते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, सुरुवात आहे, जुनं बराच काळ टिकेल, नवीन साठवायला जड जाईल. पुढे किती वेगाने वाढेल ते कुणीच सांगू शकत नाही. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “म्हणजे टाकी शाबूत आहे, इनलेट व्हॉल्व्ह गेलाय.” मी हसले आणि लगेच मला इतकी भीती वाटली, की घराचीच किल्ली गाडीला लावायला गेले.

मी त्याच संध्याकाळी ठरवलं की कालवा बघायचा. जायचं तर यंदाच, आणि जायचं तर पूर्ण. या समुद्रातून त्या समुद्रात. या माणसाच्या आयुष्यातून बरंच काही आता न विचारता काढून घेतलं जाणार होतं, ते दिसत होतं. निदान ही एक गोष्ट माझ्या हातून अर्धी राहणार नव्हती.

मुलीने लगेच विरोध केला. ती सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला असते, नवरा आणि मुलीसह, टाउनहाउसमध्ये, आणि तिचं आमच्याशी बोलणं बहुतेक फ्रीवेवरून ऑफिसला जातानाच होतं. “आई, बी प्रॅक्टिकल. दोन आठवड्यांच्या वर जातं ते. पॅसिफिकच्या बाजूला नुसता समुद्र आहे. बाबांना रूटीन लागतं. पार्शल कर ना, यू स्टिल सी द कॅनाल.”

“अर्धा.”

“सो व्हॉट? अर्धा तर अर्धा.”

“जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागतं,” मी म्हणाले. “तुझे बाबा तुझ्या दारी जहाजाने येतील. साबणाच्या डबीतून.”

पलीकडे गाडीचा इंडिकेटर टकटकत राहिला. पुढच्या फोनला तिने बंदराजवळ गाडी कुठे लावायची हेही शोधून ठेवलं होतं आणि माझी नात “वेलकम आजोबा” असा बोर्ड रंगवायला बसली होती. तो किल्ला सर झाला.

दुसरा किल्ला माझ्या मैत्रिणीचा. ती नागपूरची, आमच्या मागच्या गल्लीत राहते आणि मागच्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबर पार्शल करून आली होती. तिने चहाला बोलावलं आणि फोनवरचे फोटो दाखवत म्हणाली, “इतकं मस्त झालं न आमचं. तू काहून पूर्णवर अडून बसून राहिली? पाणी तर तेच आहे.”

“मग तू कालव्याच्या दारातूनच परत का नाही आलीस? पाणी तिथेही तेच होतं.”

“तुझ्याशी बोलणं म्हणजे पेपर देणं आहे, माय,” ती म्हणाली आणि माझ्या बशीत आणखी एक वडा टाकला.

या सगळ्यात ज्यांच्यासाठी चाललं होतं ते गप्प होते. म्हणजे नाराज नव्हते. मी जहाजाचा नकाशा दाखवला की बघायचे, कुठली खोली घ्यायची विचारलं की “तुला हवी ती” म्हणायचे. एकदाच त्यांनी विचारलं, “त्या पार्शलमध्ये जहाज त्याच दारातून खाली येतं ना?” मी म्हणाले, “हो, तेच तर वाईट आहे.” त्यावर त्यांनी मान हलवली आणि पेपर उघडला. माझं काम झालं होतं, त्यामुळे मी पुढे विचारलं नाही.

आमच्या घराजवळ एक तळं आहे. तळ्याभोवती चालायची वाट आहे, आणि अर्ध्यावर एक लाकडी पूल लागतो. आम्ही वर्षानुवर्षं पूर्ण फेरी मारत आलो. पण त्या उन्हाळ्यापासून हे पुलाशी पोचले की वळायचे. “चल, परत जाऊ,” म्हणायचे. मी म्हणायची, अहो, पुढून गेलं तरी तेवढंच अंतर आहे, उलट सावली आहे. ते ऐकायचे नाहीत. मला वाटलं, पाय दुखतात, सांगत नाहीत. मग वाटलं, रस्ता चुकायची भीती वाटत असेल, आणि मग तर मी हट्टालाच पेटले. भीतीला जागा दिली की ती पसरते, असं माझं मत. मी यांचा हात धरून दोनदा पूर्ण फेरी मारायला लावली. दोन्ही वेळा हे निमूटपणे चालले आणि घरी येऊन खुर्चीत बसून राहिले. काय काय दिसलं विचारलं तर म्हणाले, “तळं.”

सोमवारी आम्ही देवळात जातो. इथलं देऊळ म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये सगळे देव आपापल्या गाभाऱ्यात. महादेवाचाही छोटा दगडी गाभारा आहे. अभिषेकाचं पाणी बाहेर पडायला पन्हाळ आहे, आणि खालचं कारपेट भिजू नये म्हणून पन्हाळीखाली स्टीलची बादली ठेवलेली असते. मला मांडी घालून बसता येत नसल्याने मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसते आणि हे प्रदक्षिणा घालतात. महादेवाची प्रदक्षिणा इतर देवांसारखी गोल नसते. नंदीपासून निघायचं, पन्हाळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही. तिथून वळायचं, आल्या वाटेने परत येऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हाळीपर्यंत जायचं, आणि परत नंदीपाशी यायचं. लहानपणी आईबरोबर देवळात जायची तेव्हापासून मला हे माहीत आहे, आणि इतक्या वर्षांत त्यावर कधी विचार करावासा वाटला नव्हता.

त्या सोमवारी बुकिंग पक्कं करायची मुदत जवळ आली होती आणि एजंटचा निरोप माझ्या फोनवर येऊन पडला होता. मी यांच्याकडे बघत बसले होते. हे पन्हाळीशी पोचले, थांबले, वळले. परत येताना त्यांचं चालणं वेगळं होतं. जाताना पाऊल चाचपडत पडत होतं, येताना नाही. येताना ते एकेका गोष्टीकडे बघत होते आणि मान किंचित हलवत होते, ओळखीची माणसं भेटल्यावर हलवतो तशी. पुन्हा गेले, पुन्हा आले. मग येऊन माझ्या शेजारी बसले. चेहरा इतका निवांत, की तसा मी कित्येक आठवड्यांत पाहिला नव्हता.

“इथे बरं वाटतं,” ते म्हणाले.

“का?”

“इथे अर्ध्यातून परत फिरलं तरी कुणी रागावत नाही.”

“कोण रागावतं?” मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग ते सावकाश, शब्द निवडत बोलू लागले. “अगं, पहिल्यांदा जाताना मी नुसता बघतो. ते आता आत बसत नाही. पण लगेच त्याच वाटेने परत आलो ना, की एकेक ओळखीचं लागतं. तळ्यावरचा तो बाक. वाकडं झाड. काठावर ती हिरवी होडी उलटी टाकलेली असते ती. ते दुसऱ्यांदा दिसलं की राहतं. गोल फिरलो तर सगळं एकदाच दिसतं. घरी येईपर्यंत गेलेलं असतं.”

“आणि कालवा?”

“कालवा एकदाच बघितला तर तो तुझ्याकडे राहील,” ते म्हणाले. “माझ्याकडे नाही.”

मला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. मला राग आला. “मग हे इतके दिवस बोलायला काय झालं होतं तुम्हाला?”

“तू विचारलंस कुठे? तू ठरवलंस. आणि तुला पलीकडचा समुद्र बघायचा होता. म्हटलं, एकाला तरी बघू दे.”

मला रडू येत होतं, पण मी रडले नाही. देवळात रडलं की चार बायका लगेच जमतात आणि प्रसादाचा द्रोण हातात देतात. मी पर्स उचलली, यांना उठवलं आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून एजंटला फोन लावला.

“पार्शल करायचं,” मी म्हणाले.

“काकू, तुम्हीच तर म्हणाला होता...”

“मीच म्हणाले होते आणि मीच बदलते आहे. नीट ऐक. जहाज वर चढताना ज्या लॉकमधून जाईल त्याच लॉकमधून खाली यायला हवं. जुने लॉक हवेत, नवे मोठे नकोत. आणि दोन्ही वेळा उजेड हवा.”

“काकू, यार, इतकं डिटेल कुणी विचारत नाही.”

“मी विचारते. शोध आणि सांग.”

हे शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसले होते. “पुढचा डेक उघडा असतो का ते पण विचार,” ते म्हणाले.

आता गंमत अशी की जे किल्ले मी सर केले होते तेच मला उलट्या बाजूने पुन्हा लढवावे लागले. मैत्रीण हसून हसून खोकायला लागली. “सांगितलं होतं न तुला? पण माझं ऐकशील तर शपथ.” तिला मी कारण सांगितलं नाही. यांच्याबद्दल अजून बाहेर कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, म्हणून तिचं हसणं ऐकून घेतलं. ते मला जड गेलं, हे कबूल करते.

मुलगी मात्र भडकली. “आई, मी सुट्टी टाकली आहे. बोर्ड तयार आहे. तूच म्हणालीस फुल म्हणजे फुल. आता काय झालं? बाबांना काही झालं का?”

तिला मी सगळं सांगितलं. देवळातलं, तळ्यावरचं, कालवा कुणाकडे राहील ते. फ्रीवेचा आवाज बंद झाला, तिने कुठेतरी गाडी बाजूला घेतली असावी. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

“किती दिवसांची आहे पार्शल?” तिने विचारलं.

“बरीच लहान आहे. म्हणून तर सीनियर्समध्ये पॉप्युलर आहे.”

“मग मी पण येते,” ती म्हणाली. “तेवढी सुट्टी मिळेल मला. बोर्ड घेऊन फ्लोरिडालाच येते.”

तशी ती आली. नवऱ्यावर आणि सासूबाईंवर नातीला सोपवून, लॅपटॉप घरी ठेवून आली. विमानतळावर तो रंगीत बोर्ड दोन्ही हातांत धरून उभी होती आणि जाणारे-येणारे तिच्याकडे बघून हसत होते. हे बोर्डाजवळ गेले, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आजोबा मीच ना?” थट्टेत म्हणाले की खरंच, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मुलीने त्यांना मिठी मारली.

कालव्याच्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता पुढच्या डेकवर जाऊन कठड्याची जागा धरली. यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगी. समोर हिरव्या टेकाडांमध्ये काँक्रीटच्या दोन वाटा, मध्ये एक दिव्याचा मनोरा, आणि कुठल्या वाटेने जायचं ते दाखवणारा मोठा बाण. एका लहानशा होडीत दोन माणसं वल्ही मारत आमच्याकडे आली आणि दोर घेऊन गेली. दोन्ही काठांना रुळांवर छोटी इंजिनं उभी होती, त्यांनी दोर ताणून आमचं हे भलं मोठं जहाज मधोमध धरलं आणि हळूहळू चालू लागली. मागची दारं मिटली. दोन पाती असतात, नमस्काराच्या हातांसारखी टोकाला टोक लावून मिटतात. आणि मग काहीही आवाज न होता आम्ही वर जाऊ लागलो. काठावरची ओली भिंत खाली सरकत गेली आणि हिरवळ डोळ्यांच्या रेषेत आली.

मी या सगळ्याकडे कमी आणि यांच्याकडे जास्त बघत होते. आजूबाजूचे लोक फोन वर करून चित्रण करत होते, कर्ण्यावरून कुणीतरी माहिती देत होतं, आणि हे कठडा घट्ट धरून नुसते बघत होते. चेहऱ्यावर आनंद नाही, काही नाही. दुसऱ्या पायरीवर त्यांनी मला विचारलं, “हे कुठलं दार?” मी सांगितलं. तिसऱ्या पायरीवर पुन्हा तेच विचारलं. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मला वाटलं, उशीर झाला. मागच्या वर्षी यायला हवं होतं. त्याच्या मागच्या वर्षी.

वर तळ्यात जहाज थांबलं. पसरलेलं शांत पाणी, त्यात टेकड्यांचे माथे बेटांसारखे वर आलेले. कर्ण्यावरून सूचना झाली की ज्यांना पॅसिफिकच्या बाजूची सहल करायची आहे त्यांनी खालच्या डेकवर यावं. लहान बोटीने किनाऱ्यावर आणि मग बसने त्या टोकापर्यंत नेणार, पलीकडचे लॉक आणि पलीकडचा समुद्र दाखवणार, आणि संध्याकाळी जहाज खाली बंदराला लागलं की तिथे आणून सोडणार. बरेच लोक निघाले. म्हणजे ते जहाजाबरोबर खाली उतरणार नव्हते.

“तू जा,” हे म्हणाले. “तुला तो समुद्र बघायचाय.”

“बाबांजवळ मी आहे, आई,” मुलगी म्हणाली. “गो. रिअली.”

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू? पॅसिफिक बसने तासाभरावर होता. माणसं टोप्या सावरत जिन्याकडे चालली होती आणि माझे पाय त्यांच्याबरोबर निघायला बघत होते. मी पर्समधून खारे दाणे काढले, तिघांच्या हातावर ठेवले आणि कठड्याला टेकून उभी राहिले. “मला उन्हात बस नको,” मी म्हणाले. जिन्याकडची गर्दी ओसरेपर्यंत मी त्या बाजूला पाहिलं नाही.

जहाज वळलं. पुन्हा लॉक दिसू लागले, आता वरून. हे सरळ झाले.

“आता ही पुढची दारं मिटलेली आहेत ना,” ते म्हणाले, “ती आत्ता उघडणार नाहीत. आधी आपल्या मागची मिटतील. मग आपण खाली जाऊ. मग ती उघडतील.”

मागची दारं मिटली. आम्ही खाली जाऊ लागलो. दारं उघडली.

“इंजिनं बघ. आता उतारावर ती धरून ठेवतील, ओढणार नाहीत.” इंजिनांनी दोर ताणून धरले. “मनोरा येईल आता.” मनोरा आला. ते प्रत्येक गोष्ट आधी सांगत होते, मग ती होताना बघत होते, आणि झाली की मान हलवत होते, देवळात हलवली होती तशीच. आवाज मोठा झाला होता. बाजूचं एक अमेरिकन जोडपं काही न समजता ऐकत उभं राहिलं. “सगळ्यात शेवटी तो बाण,” हे म्हणाले, आणि मुलीकडे वळले. “तुझ्या टबात बाण नव्हता. तेवढा माझ्याकडून राहिला होता.”

“आय रिमेंबर, बाबा,” मुलगी म्हणाली. तिने त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली, ओली नसलेली.

शेवटचं दार उघडलं. बाण आला. समोर तोच अटलांटिक, ज्यातून आम्ही सकाळी आलो होतो. मी मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं आणि मला अगदी स्पष्ट वाटलं की मला याहून पुढे कुठेही जायचं नव्हतं.

घरी परतलो तेव्हा नोव्हायमध्ये अजून बर्फ होतं. ते वितळलं, तळ्याची वाट मोकळी झाली, आणि आम्ही पुलापर्यंत जाऊन परत येऊ लागलो. यांचं विसरणं वाढलं आहे. रिसायकलिंगचं आता विचारतही नाहीत, मीच डबा ओढत नेते. काही दिवस चांगले जातात, काही नाही.

मध्यंतरी मैत्रीण संध्याकाळी घरी आली. एव्हाना तिला सगळं सांगितलं होतं. तिने यांच्याशी मुद्दाम मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली, “मग भाऊजी, कालवा कसा वाटला?”

मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते. हे सांगू लागले. होडीतली दोन माणसं, दोर, रुळांवरची इंजिनं, टोकाला टोक लावून मिटणारी दारं, आवाज न करता चढणारं पाणी. एकही गोष्ट सुटली नाही, क्रमही चुकला नाही. मैत्रीण ऐकतच राहिली. मी गॅस बारीक केला आणि दाराशी येऊन उभी राहिले.

“आम्ही दोनदा गेलो,” हे म्हणाले. “एकदा गेलो तेव्हा काही नीट कळलं नव्हतं. म्हणून परत गेलो. मुलगी पण आली होती.”

“दोनदा?” मैत्रिणीने विचारलं. हे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर ती शंका आली, हल्ली येते ती, आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे, माझ्याकडे बघितलं. मैत्रीणही माझ्याकडे बघू लागली.

मी जन्मभर गणित शिकवलं आहे. एकाला दोन म्हणणाऱ्या पोराला मी कधी सोडलं नाही.

“हो,” मी म्हणाले. “दोनदा.”